नर्सिंग होमचा प्रशासक होताना: अमेरिकेतलं ग्रॅज्युएट सर्टिफिकेट आतून

अमेरिकेत मोठ्या रुग्णालयाचा प्रशासक व्हायला सरकारी परवाना लागत नाही. नर्सिंग होमचा, म्हणजे वृद्ध आणि दीर्घकाळ आजारी माणसं जिथे राहतात त्या निवासी केंद्राचा, प्रशासक व्हायला लागतो, आणि तो प्रत्येक राज्य आपापल्या नियमांनी देतं. १९६७ साली सोशल सिक्युरिटी कायद्यात झालेल्या दुरुस्तीने मेडिकेड या कमी उत्पन्नवाल्यांसाठीच्या सरकारी आरोग्य योजनेतल्या राज्यांवर ही सक्ती आली. लाँग-टर्म केअर ॲडमिनिस्ट्रेशनचं ग्रॅज्युएट सर्टिफिकेट, म्हणजे दीर्घकालीन सेवेच्या व्यवस्थापनाचा पदवीनंतरचा छोटा अभ्यासक्रम, हा त्या परवान्याच्या वाटेवरचा एक टप्पा आहे. सर्टिफिकेट हातात आलं म्हणून परवाना मिळत नाही, आणि काही राज्यांत सर्टिफिकेटशिवायही परवाना मिळतो. प्रवेश घेण्याआधी हे पक्कं माहीत नसेल तर फी भरून झाल्यावर कळतं की आपल्या राज्याला हवा असलेला एक विषय अभ्यासक्रमात नाहीच.

म्हणून सुरुवात शेवटाकडून करायची. आधी कुठल्या राज्यात काम करायचं ते ठरवा, त्या राज्याच्या परवाना मंडळाचा नियम छापून समोर ठेवा, आणि मग विद्यापीठांची पत्रकं उघडा. टेक्सासचं उदाहरण घेतलं तर तिथे बॅचलर पदवी लागते, त्यासोबत लाँग-टर्म केअर प्रशासनाशी संबंधित १५ सेमिस्टर क्रेडिट लागतात आणि वर १,००० तासांचं प्रत्यक्ष प्रशिक्षण. आधीचा व्यवस्थापनाचा अनुभव असेल तर तास कमी होऊ शकतात. पाच विषयांचं, प्रत्येकी तीन क्रेडिटचं सर्टिफिकेट तिथल्या १५ क्रेडिटमध्ये बरोबर बसतं. पेनसिल्व्हेनियात भाषा वेगळी आहे. तिथे १२० तासांचा मान्यताप्राप्त अभ्यासक्रम मागतात. एका राज्यासाठी घेतलेलं सर्टिफिकेट दुसऱ्या राज्यात जसंच्या तसं चालेल असं धरून चालू नये. विद्यापीठाच्या सल्लागाराला तोंडी विचारून थांबू नका. आपल्या विषयांची यादी परवाना मंडळाला ईमेलने पाठवा, लेखी उत्तर घ्या आणि ते जपून ठेवा.

भारतीय पदवी घेऊन येणाऱ्यांसाठी

या वर्गात मराठी माणसं सापडतात, आणि ती येतात बहुतेक तीन वाटांनी: परिचारिका, फिजिओथेरपिस्ट किंवा फार्मसिस्ट. अधूनमधून एखादा हिशेबनीस असतो, आणि त्याला फायनान्सचा विषय इतरांच्या निम्म्या वेळात होतो. बी.एस्सी. नर्सिंग, बी.फार्म. आणि बी.पी.टीएच. या चार वर्षांच्या किंवा त्याहून मोठ्या पदव्या असल्याने त्या अमेरिकी पदवीच्या तोडीच्या आहेत का या मूल्यमापनात फारशी अडचण येत नाही. तीन वर्षांच्या बी.कॉम., बी.ए. किंवा बी.एस्सी.चं तसं नाही. एक मूल्यमापन संस्था ती पूर्ण बॅचलर धरते, दुसरी कॉलेजची तीन वर्षं एवढंच लिहून देते. कुठल्या संस्थेचा अहवाल चालेल हे विद्यापीठाला विचारा आणि परवाना मंडळालाही वेगळं विचारा. दोघांच्या याद्या जुळत नाहीत तेव्हा दोन्हीकडे असलेली संस्था निवडायची. अहवाल विषयवार मागवा, नुसता पदवीची समकक्षता सांगणारा नको, कारण मंडळ एकेका विषयाचे क्रेडिट बघतं. मुंबई किंवा पुणे विद्यापीठाकडून सीलबंद गुणपत्रिका निघायला वेळ लागतो, म्हणून हे काम प्रवेश अर्जाच्याही आधी सुरू करायचं.

व्हिसाचंही थोडक्यात. एच-४ वर, म्हणजे एच-१बीवाल्याच्या जोडीदाराच्या व्हिसावर, वर्गात बसता येतं, पण पुढचं प्रशिक्षण बहुधा पगारी काम म्हणूनच होतं आणि त्याला कामाची परवानगी लागते. संपूर्ण ऑनलाइन अभ्यासक्रमावर एफ-१ हा विद्यार्थी व्हिसा मिळत नाही. ही सर्टिफिकेट बहुतांशी ऑनलाइनच असतात.

विषय कोणते, जड कुठला

साधारण चार ते सहा विषय असतात: दीर्घकालीन सेवेचं प्रशासन आणि नियम, वृद्धत्वशास्त्र, फायनान्स, मनुष्यबळ, आणि गुणवत्ता किंवा कायदा यांतलं एक. काही ठिकाणी प्रॅक्टिकम, म्हणजे प्रत्यक्ष कामाचा अनुभव, जोडलेला असतो. सगळे विषय सारख्या वजनाचे नाहीत. वृद्धत्वशास्त्र वाचायला छान आहे आणि आरोग्यक्षेत्रातून आलेल्यांना सोपं जातं. मनुष्यबळाच्या विषयात कायदे पाठ करायचे असतात. कौटुंबिक रजेचा कायदा ५० किंवा जास्त कर्मचारी असलेल्या मालकाला लागू होतो, आणि मागच्या १२ महिन्यांत १,२५० तास काम केलेल्या माणसाला १२ आठवड्यांची बिनपगारी रजा मिळते, अशा धर्तीचे. खरी कसोटी लागते ती नियमांच्या विषयात आणि फायनान्समध्ये. बाकीच्या विषयांचा वेळ कापून या दोघांना द्यावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

नियमांचं मूळ केंद्र सरकारच्या नियमसंहितेत, ४२ सीएफआर, भाग ४८३ यात आहे. १९८७ च्या नर्सिंग होम सुधारणा कायद्यातून हे नियम आले आणि २०१६ साली त्यांची मोठी फेररचना झाली. सरकारी तपासनीस नर्सिंग होम ज्या पुस्तकावरून तपासतात ते म्हणजे स्टेट ऑपरेशन्स मॅन्युअलचं परिशिष्ट पीपी. शेकडो पानांचं आहे आणि फुकट मिळतं. वर्गात लावलेलं महागडं पाठ्यपुस्तक आणि हे परिशिष्ट यांत एकच वाचायचं झालं तर परिशिष्ट वाचावं. प्रत्येक नियमाला एक क्रमांक आहे, त्याला एफ-टॅग म्हणतात. एफ ६८९ म्हणजे अपघात आणि देखरेख, एफ ८८० म्हणजे संसर्ग नियंत्रण, एफ ८१२ म्हणजे स्वयंपाकघरातली स्वच्छता, एफ ६८६ म्हणजे अंथरुणाला खिळून होणाऱ्या जखमा. हे चार सुरुवातीलाच पक्के करा. वाचण्याचा क्रम असा ठेवावा: आधी मूळ नियमाचे दोन-चार परिच्छेद, मग तपासनिसाला दिलेल्या सूचना, आणि शेवटी कुठल्या प्रसंगाला किती गंभीर मानायचं याची उदाहरणं. बहुतेक विद्यार्थी मधला भाग सोडतात. प्रश्न नेमके तिथूनच येतात, कारण तपासनीस काय बघणार, कुणाशी बोलणार, कुठली वही मागणार हे तिथे लिहिलेलं असतं.

त्रुटी सापडली की तिला ए ते एल यांतलं एक अक्षर मिळतं. आडव्या बाजूने व्याप्ती वाढते: एखाद्याच रहिवाशापुरती, काही जणांत दिसणारी, किंवा सगळीकडे पसरलेली. उभ्या बाजूने गांभीर्य वाढतं. जी, एच आणि आय म्हणजे प्रत्यक्ष इजा झाली आहे. जे, के आणि एल म्हणजे जिवावर बेतेल असा तातडीचा धोका. हा तक्ता कागदावर काढून स्वतः भरता आला पाहिजे, नुसता ओळखता येऊन उपयोग नाही.

नियमांच्या विषयातला सगळ्यात कामाचा गृहपाठ म्हणजे दुरुस्ती आराखडा लिहिणं. तपासणीनंतर २५६७ क्रमांकाच्या फॉर्मवर त्रुटी लेखी येतात आणि तो हातात पडल्यापासून १० दिवसांत आराखडा द्यावा लागतो. त्यात पाच गोष्टी लागतात: ज्या रहिवाशाच्या बाबतीत चूक झाली त्याच्यासाठी काय केलं, तशीच चूक आणखी कुणाच्या बाबतीत होऊ शकते हे कसं शोधलं, पद्धतीत काय बदल केला, बदल टिकतो आहे की नाही यावर लक्ष कसं ठेवणार, आणि कुठल्या तारखेपर्यंत पूर्ण होणार. गुण जातात ते तिसऱ्या आणि चौथ्या मुद्द्यावर. ‘कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण देण्यात येईल’ असं लिहिलं की परीक्षक लाल रेघ मारतो. समजा फ्रिजचं तापमान ४६ अंश फॅरनहाइट सापडलं. मर्यादा ४१ आहे. ‘स्वयंपाक्याला सांगितलं’ हे उत्तर झालं नाही. दाराचं रबर बदललं, तापमान दिवसातून दोनदा लिहायची वही लावली, ४१ च्या वर दिसलं तर कुणी काय करायचं ते त्याच वहीच्या माथ्यावर छापलं, आहार व्यवस्थापक चार आठवडे रोज आणि नंतर दोन महिने आठवड्याला एकदा वही तपासेल, आणि निष्कर्ष गुणवत्ता समितीच्या मासिक बैठकीत मांडले जातील, असं लिहावं लागतं. कोण, किती वेळा, किती दिवस आणि कुणाला सांगणार, ही चार उत्तरं नसतील तर आराखडा परत येतो. वर्गातही येतो आणि खऱ्या कामातही.

मुदती

या अभ्यासाचा गाभा मला विचाराल तर वेळेच्या मर्यादा. नर्सिंग होममधली जवळजवळ प्रत्येक गोष्ट मुदतीला बांधलेली आहे, आणि ती पाळली जाते की नाही याचा जाब प्रशासकाला द्यावा लागतो. त्या विषयवार पाठ करू नयेत. एक काल्पनिक रहिवासी घ्यावा आणि त्याच्या दाखल होण्यापासून पुढे मोजत जावं.

आजी सोमवारी दाखल झाल्या. पहिल्या ४८ तासांत प्राथमिक काळजी आराखडा हवा. एमडीएस म्हणून जी सविस्तर मूल्यमापन पत्रिका असते ती १४ व्या दिवसापर्यंत पूर्ण व्हायला हवी, आणि दाखल झाल्याचा दिवस पहिला धरायचा. ती पूर्ण झाल्यावर सात दिवसांत पक्का आराखडा. पुढे ९२ दिवसांच्या आत तिमाही मूल्यमापन, वर्षाला पुन्हा सविस्तर, आणि मध्येच प्रकृतीत मोठा बदल झाला तर तो लक्षात आल्यापासून १४ दिवसांत नवीन. डॉक्टरची भेट पहिले ९० दिवस दर ३० दिवसांनी, नंतर ६० दिवसांतून किमान एकदा. औषधांची फेरतपासणी फार्मसिस्ट महिन्यातून एकदा करतो. लागेल तेव्हाच द्यायचं मानसोपचाराचं औषध १४ दिवसांच्या वर चालू ठेवायचं तर वेगळं कारण लिहावं लागतं, आणि तीच गोळी अँटिसायकोटिक असेल तर डॉक्टरने रहिवाशाला पुन्हा बघूनच नवी चिठ्ठी द्यायची. रात्रीचं जेवण आणि सकाळची न्याहारी यांत १४ तासांपेक्षा जास्त अंतर नको. झोपताना पोटभरीचं काही दिलं आणि रहिवाशांच्या गटाने मान्य केलं तर १६ चालतं.

आणि सगळ्यात कडक मुदत: छळाचा आरोप झाला, किंवा गंभीर शारीरिक इजा झाली, तर दोन तासांच्या आत राज्याला कळवायचं. छळ नाही आणि गंभीर इजाही नाही अशा दुर्लक्षाच्या किंवा मालमत्ता लुबाडल्याच्या तक्रारीत २४ तास. चौकशीचा निकाल पाच कामकाजाच्या दिवसांत. इथे विद्यार्थी हमखास अडखळतात, कारण त्यांना वाटतं आधी चौकशी करून खात्री करावी आणि मग कळवावं. नियमाचा क्रम उलटा आहे. आरोप झाला की घड्याळ सुरू होतं, तो खरा आहे की खोटा हे नंतर बघायचं. आपल्याकडच्या ‘घरातलं घरात मिटवू’ या सवयीची माणसं या प्रश्नावर चुकीचा पर्याय निवडतात हे मी वर्गात बघितलं आहे.

आकडे

फायनान्सचा विषय घाबरवतो, पण गणित शाळेतलंच आहे. मूळ एकक रहिवासी-दिवस. १०० खाटांच्या ठिकाणी ३० दिवसांच्या महिन्यात सरासरी ८२ जण राहिले तर २,४६० रहिवासी-दिवस झाले. परिचर्येच्या पगारावर २,७०,६०० डॉलर गेले असतील तर दर रहिवासी-दिवसाला ११० डॉलर. प्रत्येक खर्च असा भागूनच बघायचा, कारण एकूण रकमेवरून काहीच कळत नाही. खाटा भरल्या की खर्च वाढतोच. दर दिवसाचा आकडा वाढला तर विचारायचं की का वाढला.

उत्पन्नाची बाजू जास्त गुंतागुंतीची. मेडिकेअर, म्हणजे मुख्यतः ६५ च्या पुढच्यांचा सरकारी आरोग्य विमा, दीर्घ मुक्कामाचे पैसे देत नाही, ही गोष्ट अमेरिकेत जन्म काढलेल्या कित्येकांनाही माहीत नसते. मूळ मेडिकेअरमध्ये रुग्णालयात सलग तीन दिवस दाखल राहिल्यानंतर एका लाभ-कालावधीत जास्तीत जास्त १०० दिवस मिळतात. पहिले २० दिवस पूर्ण, २१ ते १०० या दिवसांत रहिवाशाने रोजचा वाटा भरायचा. २०२५ मध्ये हा वाटा दिवसाला २०९.५० डॉलर होता. निरीक्षणाखाली ठेवलेला रुग्ण ‘दाखल’ धरला जात नाही, आणि त्या एका शब्दापायी कुटुंबांवर हजारोंचं बिल येतं. प्रवेश देणाऱ्या कर्मचाऱ्याने रुग्णालयाला हा प्रश्न आधी विचारलाच पाहिजे. दीर्घ मुक्कामाचा सगळ्यात मोठा वाटा मेडिकेड उचलतं, पण कमी दराने, म्हणून शिल्लक टाकेल अशी खाट आणि तोटा देणारी खाट शेजारीशेजारी असतात. मेडिकेड, मेडिकेअर, खासगी विमा आणि स्वतः पैसे भरणारे यांचं प्रमाण काय, यावर इमारतीचं नशीब ठरतं.

मेडिकेअरचा दर १ ऑक्टोबर २०१९ पासून पीडीपीएम पद्धतीने निघतो. त्याआधी थेरपीची मिनिटं वाढली की पैसे वाढायचे. आता रुग्णाच्या स्थितीवरून पाच घटकांचे वेगवेगळे दर काढतात: फिजिओथेरपी, ऑक्युपेशनल थेरपी, वाचा-उपचार, परिचर्या आणि थेरपीबाहेरची औषधं-साहित्य. सहावा घटक सगळ्यांना सारखा. औषधं-साहित्याचा दर पहिले तीन दिवस तिप्पट असतो, फिजिओ आणि ऑक्युपेशनलचा विसाव्या दिवसानंतर दर सात दिवसांनी दोन टक्क्यांनी उतरतो. परीक्षेपेक्षा कामात याचा अर्थ मोठा: दाखल करताना निदानं नीट लिहिली गेली नाहीत तर संपूर्ण मुक्कामाचा दर खाली येतो. त्यामुळे एमडीएस भरणारी परिचारिका इमारतीच्या तिजोरीची किल्ली सांभाळत असते. तिला दर दोन तासांनी मजल्यावर मदतीला बोलावणारा प्रशासक आपलंच नुकसान करून घेतो.

आता मनुष्यबळाचं गणित. पूर्ण वेळचा एक कर्मचारी म्हणजे वर्षाला २,०८० तास. एका जागेवर रोज आठ तास, आठवड्याचे सातही दिवस माणूस हवा असेल तर ३६५ गुणिले ८, म्हणजे २,९२० तास. भागून आले १.४. त्या माणसाला १५ दिवसांची पगारी रजा असेल तर तो प्रत्यक्षात १,९६० तासच हजर असतो आणि उत्तर १.४९ वर जातं. म्हणजे वेळापत्रकावर एक रेघ भरायला दीड माणूस पगारपत्रकावर लागतो. हे कळलं नाही की अंदाजपत्रक पहिल्याच महिन्यात कोसळतं आणि एजन्सीकडून दुप्पट दराने माणसं आणावी लागतात.

दुसरी फसगत जेवणाच्या सुट्टीची. केंद्र सरकारकडे दर तिमाहीनंतर ४५ दिवसांत कामाच्या तासांचा हिशेब पाठवावा लागतो, त्याला पेरोल-बेस्ड जर्नल म्हणतात. त्यात आठ तासांच्या शिफ्टमधला अर्धा तास जेवणासाठी वजा होतो, पगारी असला तरी. समजा दर रहिवाशामागे ३.४८ तासांचं लक्ष्य ठेवलं. ८२ जणांना रोज २८५.३६ तास लागतील. आठने भागलं तर साधारण ३६ शिफ्ट, साडेसातने भागलं तर ३८. दोन शिफ्टचा फरक रोजचा. आठने भागणारे वर्षभर ‘आमच्याकडे माणसं पुरेशी आहेत’ म्हणत राहतात आणि नर्सिंग होमना सरकार जे तारे देतं त्या तारांकनात खाली दिसतात. ३.४८ हा आकडा मी उगीच घेतला नाही. एप्रिल २०२४ मध्ये केंद्राने तोच किमान म्हणून जाहीर केला होता. एप्रिल २०२५ मध्ये टेक्सासमधल्या फेडरल न्यायालयाने तो नियम रद्द केला आणि त्याच वर्षीच्या जुलैतल्या कायद्याने त्याची अंमलबजावणी २०३४ पर्यंत थांबवली. जुन्या नोट्समध्ये तो ‘लागू’ म्हणून सापडेल, जपून. आज कायम आहे ते जुनंच: रोज सलग आठ तास नोंदणीकृत परिचारिका, चोवीस तास परवानाधारक परिचारिका आणि पूर्णवेळ परिचर्या संचालक. राज्यांचे स्वतःचे आकडे वेगळे.

इमारतीच्या विषयात लक्षात ठेवायचं थोडं आहे. प्रत्येक शिफ्टला तिमाहीत एक अग्निसराव, म्हणजे तीन शिफ्टचे वर्षाला बारा. जनरेटर महिन्यातून एकदा भार टाकून ३० मिनिटं. दोन किंवा जास्त जणांच्या खोलीत प्रत्येकी ८० चौरस फूट, एकट्याच्या खोलीत १००.

प्रशिक्षणाचे तास

वर्ग संपल्यावर, किंवा काही राज्यांत वर्ग चालू असतानाच, प्रशासक-प्रशिक्षणार्थी म्हणून तास भरायचे. एआयटी म्हणतात. मान्यताप्राप्त मार्गदर्शक प्रशासक लागतो, आणि तो शोधणं हीच सगळ्यात मोठी अडचण. मार्गदर्शक निवडताना इमारतीच्या रंगरंगोटीवर जाऊ नये. दोन गोष्टी बघाव्या: तो त्या इमारतीत किती वर्षं टिकला आहे, आणि मागच्या तपासणीचा २५६७ तो मोकळेपणाने दाखवतो का. मागच्या तपासणीचे निकाल कुणालाही वाचता येतील असे लावणं तसंही बंधनकारक आहे. तेच दाखवायला जो टाळाटाळ करेल त्याच्याकडे शिकायला काही मिळणार नाही.

तास विभागांत वाटलेले असतात. जिथे बिघडतं ते असं: माणसं कमी पडली की प्रशिक्षणार्थीला प्रवेशाच्या टेबलावर किंवा वेळापत्रक लावायला बसवतात, आणि तो तिथेच महिने काढतो. परिचारिकेची पार्श्वभूमी असेल तर धोका दुप्पट, कारण मजल्यावर ओढून नेतात. तासांची वही विभागवार रोज भरा आणि दर आठवड्याला मार्गदर्शकाची सही घ्या. एकदम शेवटी सह्या घ्यायला गेलं आणि मधल्या काळात मार्गदर्शकाने नोकरी सोडली असेल तर तास सिद्ध करणं कठीण होतं. या क्षेत्रात प्रशासक फार लवकर बदलतात.

माझ्या मते ज्याला जास्त वेळ द्यावा ते विभाग: बिलिंग, एमडीएस आणि इमारत देखभाल. वर्गात हे तिन्ही पुरेसे कळत नाहीत. रात्रीच्या ११ ते ७ शिफ्टमध्ये आणि रविवारी दुपारी इमारतीत हजर राहा. सोमवार ते शुक्रवार, नऊ ते पाच दिसणारी इमारत ही निम्मीच असते. औषधं देताना परिचारिकेच्या मागे उभं राहून मोजा. तपासनीस किमान २५ औषधं दिली जाताना बघतो, आणि चुकांचं प्रमाण पाच टक्के किंवा जास्त झालं की त्रुटी लागते. २५ पैकी एक चूक म्हणजे चार टक्के. दुसरी झाली की आठ. गोळी बरोबर, पण जेवणासोबत द्यायची ती उपाशीपोटी दिली, हीसुद्धा चूक मोजली जाते.

स्वयंपाकघरातही उभं राहावं. जेवणाच्या यादीत रहिवाशांच्या धर्माचा आणि संस्कृतीचा विचार हवा, असं नियमातच आहे. न्यू जर्सीत काही इमारतींनी भारतीय रहिवाशांसाठी वेगळे विभाग आणि वेगळं स्वयंपाकघर सुरू केलं आहे. तिथे जागा मिळाली तर मराठी प्रशिक्षणार्थीला खरा फायदा होतो. एकादशीला साबुदाणा मागणाऱ्या मधुमेही आजोबांचा आहार-आराखडा, त्यांचा हक्क आणि त्यांची साखर हे तिन्ही धरून कसा लिहायचा, हे तिथे शिकता येतं. उत्तर ‘द्यायचा नाही’ असं नसतं. त्यांना परिणाम समजावून सांगायचे, त्यांची निवड नोंदवायची, डॉक्टरला कळवायचं आणि प्रमाण आहारतज्ज्ञाकडून ठरवून घ्यायचं.

तपासणी आली तर सुट्टी घेऊ नका. चार-पाच दिवसांत जे दिसतं ते एका सत्राच्या वाचनात मिळत नाही. तपासणी पूर्वसूचनेशिवाय येते, दोन तपासण्यांत १५ महिन्यांपेक्षा जास्त अंतर नसावं असा नियम आहे. इमारतीची मागची तारीख विचारून प्रशिक्षणाचा काळ त्या सुमाराला धरता आला तर उत्तम.

परीक्षा आणि नंतर

राष्ट्रीय परीक्षा नॅब ही राज्यांच्या परवाना मंडळांची संघटना घेते. दोन भाग आहेत: सगळ्यांना समान असलेला कोअर आणि नर्सिंग होमचा वेगळा. काही राज्यं वर स्वतःच्या कायद्यांची परीक्षा घेतात. प्रश्न अनेक पर्यायांचे, आणि खूपसे ‘प्रशासकाने सर्वप्रथम काय करावं’ या वळणाचे. आरोग्यक्षेत्रातली माणसं इथे उपचाराचा पर्याय निवडतात. प्रशासक जखम बघायला जात नाही. तो रहिवासी सुरक्षित आहे याची खात्री करतो, परिचर्या संचालकाला कामाला लावतो आणि मुदतीत कळवतो. राज्याचा नियम डोक्यात ठेवून राष्ट्रीय परीक्षा देणं ही आणखी एक फसगत. तिथे फक्त केंद्राचा आकडा बरोबर. नर्सिंग असिस्टंटचं प्रशिक्षण केंद्राच्या नियमाने किमान ७५ तास. तुमच्या राज्यात जास्त असलं तरी उत्तर ७५ च.

हे सगळं शिकून महाराष्ट्रात परतणाऱ्यांनी एवढं लक्षात घ्यावं की तिकडे वृद्धाश्रमाच्या व्यवस्थापकाला असा परवाना नाही. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात प्रत्येक जिल्ह्यात किमान १५० निराधार वृद्धांची सोय होईल असा वृद्धाश्रम राज्याने टप्प्याटप्प्याने उभारावा असं म्हटलं आहे. शिफ्टचं गणित, औषधांची मोजणी आणि दुरुस्ती आराखड्याचे पाच मुद्दे तिथे उद्यापासून वापरता येतात. मेडिकेअरचा धडा अर्थातच गुंडाळून ठेवायचा.

परवाना हातात आल्यावर पहिली इमारत ताब्यात घ्याल त्याच दिवशी प्रशासक बदलल्याचं राज्याच्या यंत्रणेला लेखी कळवावं लागतं. ती जबाबदारी इमारतीची असते, पण पत्र गेलं की नाही हे स्वतः बघा. मग आधीच्या प्रशासकाच्या कपाटातून चार गोष्टी काढून घ्या: शेवटचा २५६७ आणि त्याचा आराखडा, गुणवत्ता समितीच्या मागच्या चार बैठकांची इतिवृत्तं, वर्षभराच्या अग्निसरावांची वही, आणि मागच्या तिमाहीच्या तासांचा सरकारकडे गेलेला अहवाल. आराखड्यात ज्या तपासण्या ‘दर आठवड्याला करू’ असं लिहिलं आहे त्या अजून चालू आहेत का, हे सगळ्यात आधी बघा. बहुतेक ठिकाणी तपासनीस गेल्यावर तिसऱ्या आठवड्यात त्या बंद पडलेल्या असतात, आणि पुढच्या वेळी तोच टॅग पुन्हा लागतो.